खलनायिकेची कैफियत

हिमगौरीची सावत्र आई आता नुसती दुष्ट राहिलेली नाही. तिच्या प्रियकराला कुणी मायावी आरशात कोंडले होते, तो विरह सोसवेना म्हणून तिने आपल्या काळजाचा दगड करवून घेतला, आणि पुढचे सारे त्यातून घडले, अशी तिची कैफियत आहे. ख्रिस कोल्फर या अमेरिकन अभिनेता-लेखकाच्या ‘द लँड ऑफ स्टोरीज’ मालिकेतील पहिल्या पुस्तकात, २०१२ साली निघालेल्या ‘द विशिंग स्पेल’मध्ये, ती सविस्तर येते. २०१७ पर्यंत मालिकेची सहा पुस्तके झाली. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुलेही असली पुस्तके झपाट्याने वाचतात, आणि कोल्फरला गोष्ट सांगता येते हे मान्य केले पाहिजे.

परीकथांत जादू असते, चेटकिणी असतात, म्हणून त्या घरात नकोत असे काही श्रद्धाळू पालक म्हणतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. बोलणाऱ्या आरशाने मूल बिघडत नाही. तो आरसा खरेच बोलतो, हेच तर त्या राणीचे दुखणे. जुन्या कथांना हात लावू नये, असेही माझे म्हणणे नाही. त्या कधी अचल नव्हत्याच. शार्ल पेरो याने १६९७ साली लाल टोपीवाल्या मुलीला लांडग्याच्या पोटात सोडून कथा संपवली. ग्रिम बंधूंच्या कथेत शिकारी येऊन तिला बाहेर काढतो. त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली.

पण या फेरफारांत एक गोष्ट शाबूत राहिली होती. ग्रिमच्या कथेत राणी शिकाऱ्याला हुकूम देते तेव्हा हिमगौरी सात वर्षांची आहे. तिला रानात नेऊन मारावे आणि खूण म्हणून तिची फुप्फुसे व यकृत आणावे, असा तो हुकूम. शिकारी तिला सोडून देतो आणि रानडुकराच्या पिलाचे अवयव आणतो. राणी ते मिठात शिजवून घेऊन खाते. प्रसंग भयंकर आहे. परंतु कथा ऐकणारे मूलही साधारण त्याच वयाचे असते, आणि कथा एकदाही न डगमगता त्या मुलीच्या बाजूस उभी राहते. मोठ्यांच्या हातून ज्याला सोसावे लागते आणि ज्याचे घरात कुणी ऐकत नाही, असे मूल आपल्यातही आहे, वाचकहो. त्याला आधी हवे असते ते एवढेच, की कुणीतरी म्हणावे, ‘हे वाईट झाले, आणि तुझा त्यात दोष नव्हता.’ नवी कथा त्याच्याकडूनच समजूतदारपणाची अपेक्षा करते. राणीलाही किती दुःख होते, ते आधी ऐकून घे, म्हणते.

यावर उत्तर येते की पार्श्वभूमी कळली म्हणजे करुणा वाढते. जुन्या कथाकारांना पार्श्वभूमी ठाऊक नव्हती काय? पेरोच्या झोपलेल्या राजकन्येच्या कथेत म्हातारी परी उगाच चिडत नाही. पन्नास वर्षे ती आपल्या मनोऱ्याबाहेर पडलेली नाही. ती मेली असावी असे समजून बारशाला तिला कुणी बोलावलेच नाही. सोन्याचे डबे सातच घडवलेले, तिच्या वाट्याला डबा नाही. अपमान खरा आहे, पेरो तो लपवत नाही. तरीही पाळण्यातल्या बाळाला मृत्यूचा शाप देणे त्या अपमानात बसत नाही, हे मुलाला सांगावे लागत नाही.

डिस्नेने १९५९ च्या चित्रपटात त्या परीला मॅलेफिसेंट असे नाव दिले आणि २०१४ मध्ये तिलाच नायिका केले. तिला आपल्या शापाचा पश्चात्ताप होतो, हे त्या चित्रपटाचे श्रेय. परंतु तिच्या माथ्यावरचे दुष्टपण उचलून ते राजा स्टीफनच्या माथी मारले आहे. तोही गरिबीतून वर आलेला पोर होता. त्याची पूर्वकथा पडद्यावर दिसते, तरी ती त्याच्या कामी येत नाही. तो मनोऱ्यावरून कोसळून मरतो आणि त्याच्यासाठी कुणी दोन अश्रू ढाळत नाही. पूर्वकथेने सारे माफ होत असेल तर याला का नाही?

क्षमेचाही यात बळी जातो. पेरोच्या सिंड्रेलाने बहिणींची धुणीभांडी केली, राखेत बसून त्यांचे टोमणे ऐकले. शेवटी त्या पाया पडतात तेव्हा ती त्यांना उठवून मिठी मारते, राजवाड्यात घेऊन जाते आणि दोन सरदारांशी त्यांची लग्ने लावून देते. (ग्रिमच्या कथेत पारवे त्याच बहिणींचे डोळे फोडतात; आमच्या मुलांना तीच जास्त आवडते, हेही सांगून टाकतो.) बहिणींचा अपराध पुसला गेला असता, तर सिंड्रेलाला क्षमा करायला उरले काय असते? जिचा दोषच नव्हता तिला माफ करणे म्हणजे केवळ हिशेबाची दुरुस्ती.

कोल्फरच्या पुस्तकातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले पान प्रारंभीचे आहे. हिमगौरी स्वतः तळघरातील कोठडीत उतरते आणि कैदेतल्या राणीला विचारते, का केलेस? प्रश्न पीडितेने विचारला आहे, आणि तो विचारायला जायचे की नाही हेही तिनेच ठरवले आहे. पुस्तक तिथेच राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

मुलांना खलनायकाची बाजू ऐकवायचीच असेल तर जॉन शेस्का याचे तीन डुकरांवरचे १९८९ चे पुस्तक द्यावे. त्यात लांडगा स्वतः साक्ष देतो: आजीच्या वाढदिवसाच्या केकसाठी साखर मागायला गेलो होतो, सर्दीने शिंक आली, घर पडले, डुक्कर मेलेच होते, मग ते वाया का घालवायचे? आठ वर्षांचे मूल हसते आणि त्याला पकडते. लेखक लांडग्याला सोडवत नाही. शेवटच्या पानावर तो गजांआड आहे, आणि वाचकाकडेच वाटीभर साखर मागतो आहे.