कोंबडीच्या खाद्यात प्रथिनांचा नवा हिशेब

ऑगस्ट २०२१मध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली आणि सोयाबीन उत्पादक व कुक्कुटपालक एकमेकांसमोर उभे ठाकले. पेंडीच्या भडकलेल्या दराने पोल्ट्री व्यवसाय मेटाकुटीस आला होता; तर नवे पीक हाती येण्याच्या तोंडावर भाव पाडले जात असल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. २०२४च्या हंगामात चित्र पालटले. क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना राज्यात सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले. भाव चढोत वा उतरोत, ब्रॉयलर कोंबडीचे खाद्य सोयापेंडीवर इतके अवलंबून का, हा प्रश्न कायम आहे. आहारशास्त्राने त्यावर सुचविलेला उपाय म्हणजे प्रथिने कमी करून अमिनो आम्लांचा समतोल साधणे.

गरज अमिनो आम्लांची

कोंबडीच्या शरीराला प्रथिने म्हणजे प्रत्यक्षात अमिनो आम्ले हवी असतात. मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात सर्वप्रथम मेथिओनिन अपुरे पडते, त्यानंतर लायसिन, थ्रिओनिन आणि व्हॅलिन. ही तूट केवळ पेंड वाढवून भरली, तर इतर अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त होतात. हा अतिरेक शरीरात साठत नाही. त्यातील नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडतो आणि शेडमधील तुसाच्या गादीत त्याचा अमोनिया होतो. डोळ्यांची जळजळ, श्वसनाचे विकार आणि पायांच्या तळव्यांवरील जखमा हे त्याचे परिणाम.

म्हणून लायसिनची गरज १०० धरून इतर अमिनो आम्लांचे प्रमाण ठरविले जाते आणि तूट शुद्ध स्वरूपातील आम्लांनी भरली जाते. खाद्यातील प्रथिने १ टक्का-बिंदूने घटविली, की विष्ठेतील नायट्रोजन सुमारे ८ ते १० टक्क्यांनी कमी होतो, असा अनुभव आहे. पेंडही वाचते.

मर्यादा आणि जोखीम

या कपातीला मर्यादा आहे. प्रथिने २ ते ३ टक्का-बिंदूंहून अधिक घटविल्यास अनेकदा वाढ मंदावते आणि पोटातील चरबी वाढते. लहान पिलांना ग्लायसिनही कमी पडू लागते. पेंडीबरोबर पोटॅशियम घटते, तर लायसिन हायड्रोक्लोराइडमुळे क्लोराइड वाढते. त्यामुळे क्षारांचा तोलही नव्याने साधावा लागतो. कच्च्या मालाची नियमित तपासणी झाली नाही, तर कागदावरचा समतोल कागदावरच राहतो.

अर्थकारणाची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. लायसिनच्या जागतिक उत्पादनात चीनचा वाटा सर्वाधिक आहे. पेंडीवरील अवलंबित्व कमी करताना आयातीवरील वाढले, तर देशी सोयाबीनचा ग्राहक तेवढा आटेल. शिवाय राज्यातील बरेच ब्रॉयलर पालन करार पद्धतीने होते. कंपनी पिल्ले व खाद्य पुरविते आणि शेतकऱ्याला मिळणारा मोबदला वजन व खाद्याच्या वापरावर ठरतो. खाद्य स्वस्त झाल्याचा लाभ कंपनीला आणि सूत्र चुकल्यास घटीचा फटका शेतकऱ्याला, अशी विभागणी होण्याचा धोका आहे.

खाद्याच्या पोत्यावर केवळ एकूण प्रथिनांचा आकडा पुरेसा नाही. पचनीय लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन यांचे प्रमाणही तेथे छापले गेले, तरच या नव्या हिशेबाची पडताळणी कोंबड्या सांभाळणाऱ्याला करता येईल.