निळी रेघ कुणाच्या दारातून जाते?

२० मार्चला आपली माणसं महाडला जातात. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात, घोषणा देतात, परततात. जुलैत महाडला कुणी जात नाही. जुलैत तिथं सावित्री असते, गांधारी असते, काळ असते. २२ जुलै २०२१ ला या नद्या अख्ख्या गावात शिरल्या. पाणी ओसरल्यावर बिस्किटांचे पुडे घेऊन पोरं धावली. धावलीच पाहिजेत. पण पुडे वाटणं म्हणजे चळवळ नव्हे, दोस्तांनो.

सरकारजवळ पुराच्या दोन रेघा आहेत. एक निळी, एक लाल. (आमचा निळा वेगळा.) सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर चढेल ती निळी, १०० वर्षांतला चढेल ती लाल. नदीपासून निळीपर्यंत निषिद्ध पट्टा, तिथं घर बांधायचं नाही. निळी ते लाल नियंत्रित, म्हणजे बांधा, पण जोतं उंच घ्या. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून हे चालत आलंय.

आता या 'पंचवीस वर्षांतून एकदा'ची गंमत बघा. पूर काय रेशनकार्डावर शिक्का मारून घेत नाही, की यंदाचा कोटा संपला, आता पंचवीस वर्षं सुट्टी. त्याचा खरा अर्थ, दरसाल शंभरात चार. त्या रेघेवर तीस वर्षं संसार केलात तर एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता शंभरात सत्तर. लाल रेघेवर राहिलात तरी शंभरात सव्वीस. महाड २००५ ला बुडालं, २०२१ ला पुन्हा बुडालं. मधे सोळा वर्षं. हा हिशेब दहावी झालेल्या हमालालाही मांडता येतो. वस्तीत येऊन कुणी मांडत नाही.

आणि वस्ती कुठंय? गावात महारवाडा गावकुसाबाहेर, बहुधा नदीच्या खालच्या अंगाला, का तर आमच्या हातानं वरच्यांचं पाणी बाटू नये. पूररेषेचा पहिला नकाशा हाच. सर्व्हे न करता आखलेला. मग गाव सोडून शहरात आलो, तर मोकळी जागा कुठं? नाल्याकाठी, नदीच्या पोटात, जिथं बिल्डर तेव्हा थुंकतही नव्हता. आज साहेब दुर्बीण लावून उंची मोजतो, नकाशात आमच्या झोपड्यांवर लिहितो: अतिक्रमण. च्यायला, पिढ्यान् पिढ्या ढकललंत तुम्ही आणि अतिक्रमण आमचं?

नदीला पसरायला जागा असली की पूर पसरतो, उथळ होतो, निघून जातो. त्या जागेत भराव टाकला की तेच पाणी दुसऱ्याच्या दारात चढतं. महाडच्या खाली दासगावपाशी कोकण रेल्वेचा भराव आहे. त्यानं पाणी तुंबतं, असं महाडकर कित्येक वर्षं ओरडताहेत. त्यात बाणकोटकडून भरती खाडीत चढलेली आणि वर घाटात पाऊस कोसळतोय, तर सावित्रीनं जायचं कुठून? गोदीत राबणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. जहाज गाळात रुतू नये म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतं, तास-मिनिट लावून. लोखंडाची एवढी काळजी. माणसांच्या वस्तीत भिंतीवर एक रेघ ओढायला रंग मिळत नाही.

हेच दासगाव. डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब 'पद्मावती' बोटीनं मुंबईहून निघाले ते इथं उतरले आणि पायी महाडला गेले. परिषदेला जागा द्यायला सवर्ण तयार नव्हते, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. म्हणजे महाडचा लढा पाण्याचा होता तसा पाय ठेवायच्या जागेचाही होता. आजही तोच आहे.

आपल्यातले काही म्हणतात, पूररेषा म्हणजे झोपड्या हटवायचं नवं निमित्त, फाडा तो नकाशा. मला हे पटत नाही. कागद फाडून पाणी थांबत नाही, आणि पहिलं मढं आपल्याच वस्तीतून निघतं. नकाशा हवा, पण तो सगळ्यांवर सारखा चालला पाहिजे. चिपळूणला रेघा आखल्या तेव्हा व्यापारीही ओरडले, कारण त्यांची दुकानं आत आली. ते ओरडले की तो शहराचा प्रश्न होतो. आम्ही ओरडलो की पोलीस येतात. केंद्रानं १९७५ ला पूरमैदानाचा नमुना कायदा राज्यांकडे धाडला. मणिपूरनं १९७८ ला कायदा केला, राजस्थाननं १९९० ला. पुरोगामी महाराष्ट्र परिपत्रकांवर भागवतोय. परिपत्रक कसंही वाकवता येतं, भराववाल्यासाठी तर हमखास.

हटवायचंच असेल तर आधी कामाच्या जवळ, उंचावर, आमच्या नावानं जागा द्या, मग हातोडा उचला. आणि झोपडीवर जी लेखणी चालते तीच भरावावर, बंगल्यावर, मंगल कार्यालयावर चालवा.

तुमच्या गावातून नदी जात असेल तर पावसाळ्याआधी नगरपालिकेत जा. पूररेषेचा नकाशा मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. निळ्या रेघेच्या आत गेल्या दहा वर्षांत कुणाकुणाला बांधकामाची परवानगी दिली, भराव कुणी टाकला, ते लेखी मागा. पालिका म्हणेल जलसंपदाकडे जा, जलसंपदा म्हणेल पालिकेकडे जा. दोन्हीकडे जा, आणि एकटे जाऊ नका.