कुटुंबासाठी मोटार घेताना

पिरनवाडीहून बेळगावास वा खानापुरास आजी-आजोबा व लेकरांसह जावयाचे, तर मोठ्या मोटारीची गरज भासते. जुनी ओम्नी स्वस्तात मिळते, म्हणून मोह होतो. १९८४ साली निघालेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिचे एंजिन पुढल्या आसनांखाली असते. समोरून धडक बसल्यास चालकाच्या पायांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही उरत नाही. २०१६ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत, एअरबॅग नसलेल्या ईकोसही एकही तारा लाभला नाही. म्हणून किमतीआधी एअरबॅग, ब्रेक व तळाचा गंज पाहावा. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तो खर्चही धरावा. आणि आसनपट्टे जितके, तितकीच माणसे बसवावीत.