ग्रंथ आणि गृहस्थ : विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’

युद्धावरील कादंबरी म्हटली की वाचक तोफा, खंदक आणि सेनापती यांची अपेक्षा धरतो. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ या कादंबरीत यांपैकी काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धास तोंड लागले त्याच वर्षी, १९३९ साली, ती प्रसिद्ध झाली. आणि तिचे मुख्य कथानक युरोपाहून मुंबईकडे निघालेल्या एका आगबोटीवर घडते. तरीही युद्धाच्या सावलीने माणसांची ताटातूट कशी होते, हे तिच्याइतक्या उत्कटतेने मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल. म्हणून ग्रंथ जुना असूनही या महिन्यात त्याचाच परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिटलर १९३३ साली सत्तेवर आला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व हिरावले गेले आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. बहुतेक देशांनी दारे लावून घेतली होती. शांघायास मात्र प्रवेशपत्रावाचून उतरता येई. सबब हजारो कुटुंबे सुएझमार्गे पूर्वेकडे निघाली.

आम्हां बाळकुमकरांस ज्यू लोक अपरिचित नाहीत. जवळच ठाण्यास टेंभी नाक्यापाशी बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालापासून उभे आहे. कोकणात हे लोक तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ असे नाव पडले. ज्या धर्मपालनाबद्दल येथे केवळ एक नाव मिळाले, त्या धर्मात जन्मल्याबद्दल तिकडे घरदार सोडावे लागले, हा भेद ध्यानी घेऊन पुस्तक हाती धरावे.

कथानायक चक्रधर हा प्रेमभंगाने कडवटलेला तरुण; हॅर्टा ही जर्मनीस मुकलेली ज्यू तरुणी. प्रवासातील थोड्या दिवसांच्या सहवासात उभयतांचा एकमेकांवर जीव जडतो. मुंबई येते. तो उतरतो, तिला बोटीबरोबर पुढे जावे लागते. मागे तिची पत्रे येतात, आणि अखेर ती समुद्रात देह टाकते.

परजातीच्या, परदेशी स्त्रीशी झालेल्या विवाहबाह्य प्रेमाची ही कथा मुलीसुनांच्या हाती द्यावी काय, असा प्रश्न काही घरांत निघेल. चक्रधराचे स्त्रीजातीविषयीचे तुसडे विचारही कित्येकांस बोचतील. आमचे मत असे की, पुस्तक अवश्य द्यावे, आणि मुलांच्या हाती तर आधी द्यावे. महाभारतातला दुष्यंत लोकापवादाच्या भयाने शकुंतलेची ओळख नाकारतो. कालिदासास हे साहवले नाही. त्याने दुर्वासाचा शाप योजून राजास दोषमुक्त केले. बेडेकरांनी चक्रधरास असा कोणताही शाप दिलेला नाही. त्यास सारे आठवते. राजसत्तेचे निर्बंध आणि उद्याची अनिश्चितता या अडचणी खऱ्याच; परंतु त्यांच्या आड त्याच्या मनाचा कच्चेपणा झाकला जात नाही, आणि लेखकानेही तो झाकण्याचा यत्न केलेला नाही. हॅर्टेचे घर हिटलरने मोडले. पण तिचा शेवटचा आधार सुटला तो एका सुशिक्षित, सुस्वभावी मराठी तरुणाच्या हातून. हे वाचताना आपल्या घरच्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपणांस हे विशेष लागू आहे. ‘वडीलधाऱ्यांस विचारू’, ‘लोक काय म्हणतील’, ‘पुढे पाहू’ या शब्दांत विवेक असतो तसाच भित्रेपणाही लपतो. त्या दोहोंतला भेद ओळखण्यास मुलांना शिकवणे हे वडील मंडळींचे काम आहे.

बेडेकरांनी नाटके व चित्रपट पुष्कळ केले. कादंबरी मात्र ही एकच लिहिली. आकाराने ती लहान आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर घरात कोणी मोठ्याने वाचून दाखविली, तर दोन-चार बैठकींत संपेल. आणि नंतर चक्रधराने काय करावयास हवे होते, यावर माजघरात व ओसरीवर बराच वाद चालेल. तो अवश्य चालू द्यावा.