छापलेली वीज आणि आपण

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

यंदाच्या वार्षिक अंकासाठी मी इलेक्ट्रॉनिक्सवर लेख देणार असे सांगताच वर्गातील दोघा मित्रांनी कोपरापासून हात जोडले. "अरे, तू मराठी घेतलंयस का फिजिक्स?" असा एकाचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कथा लिहावी, कविता लिहावी, फार तर ग्रामीण साहित्यावर चार पाने लिहावीत, अशी आपल्याकडे वाटणी ठरलेली आहे. ती वाटणी मला मान्य नाही. का मान्य नाही, ते एका करंगळीएवढ्या पट्टीच्या आधारे सांगतो.

इलेक्ट्रॉनिक्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिलिकॉनची चकती, धूळ नसलेला कारखाना आणि पांढरे झगे घातलेली माणसे येतात. ते खरेच आहे. परंतु गेल्या काही दशकांत या शास्त्राने दुसरी एक वाट धरली आहे. ती म्हणजे विजेचा मार्ग छापण्याची. शाईत रंगाऐवजी कार्बनची पूड किंवा चांदीचे बारीक कण घालायचे आणि लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने, जाळीवरून स्क्वीजी ओढून, ती शाई प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर उतरवायची. शाई वाळली की तिच्यातून वीज वाहते. दुधाच्या पिशवीचा कागद जसा रिळावरून रिळावर जाताना छापला जातो, तसेच हेही छापता येते.

शाईत चक्क वीज वाहणारे प्लॅस्टिकही घालता येते. वायरमनने तारेवर प्लॅस्टिक चढवावे ते शॉक बसू नये म्हणून, एवढेच आपण शिकलो. 1977 साली हीगर, मॅकडायरमिड आणि शिराकावा या तिघांनी दाखवून दिले की पॉलिअॅसिटिलीन नावाच्या प्लॅस्टिकला आयोडीनची वाफ दिली तर त्याची वीज वाहण्याची शक्ती कोटी पटीने वाढते. त्याआधी शिराकावांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून एक रसायन हजार पट जास्त पडले आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकचकीत पापुद्रा तयार झाला, ही त्याची सुरुवात. 2000 साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यांपैकी मॅकडायरमिड न्यूझीलंडच्या गरीब घरातले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वेलिंग्टनच्या कॉलेजात प्रयोगशाळेत साफसफाई करणारा पोरगा म्हणून लागले. तिथेच अर्धवेळ शिकले. घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 साली सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर देऊन उजेड पाडला. आज अनेकांच्या खिशातील मोबाईलचा पडदा त्याच तत्त्वावर उजळतो. पण पडदा सगळ्यांनी पाहिलेला आहे. मला बोलायचे आहे ते पट्टीबद्दल.

रक्तातील साखर तपासण्याची पट्टी म्हणजे छापील इलेक्ट्रॉनिक्सचा सर्वांत घरगुती नमुना. तिच्यावर जे काळे पट्टे दिसतात ते छापलेल्या कार्बनचे असतात. टोकाशी ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर सुकवून ठेवलेले असते. हे विकर काळ्या बुरशीपासून काढतात. साठवलेल्या कांद्यावर जी काळी भुकटी धरते त्याच जातीची ही बुरशी. रक्ताचा थेंब टोकाला लावला की तो बारीक फटीतून आपोआप आत ओढला जातो. विकर साखरेतील इलेक्ट्रॉन काढून घेते, मध्यस्थ रसायन ते कार्बनपर्यंत पोहोचवते, आणि साखर जितकी जास्त तितका विजेचा प्रवाह जास्त. यंत्र फक्त तो प्रवाह मोजते. विकर आणि वीज यांची सांगड लेलँड क्लार्क यांनी 1962 साली सुचवली होती. 1984 साली इंग्लंडमधील संशोधकांनी योग्य मध्यस्थ शोधला आणि 1987 साली पेनएवढे यंत्र व छापील पट्ट्या बाजारात आल्या. थोडक्यात, सगळे शहाणपण त्या पट्टीत आहे. यंत्र नुसते मोजणीदार.

आमच्या आज्जीला साखर आहे. साखर कारखान्याच्या परिसरात हे वाक्य ऐकून लोक हसतात, पण ज्याच्या घरी आहे तो हसत नाही. काकांनी एक यंत्र आणून दिले. यंत्र वर्षानुवर्षे टिकते. पट्टी एकदाच चालते. डबी संपत आली की आज्जी म्हणते, "ऱ्हाऊ दे, एकच ऱ्हायलीया. बेंदूर झाला की बघूया." म्हणजे पुरणपोळी खाऊन झाल्यावर! जवळच्या एका दवाखान्यात यंत्र आहे, पण कित्येकदा पट्ट्या नसतात. यंत्र दिले की फोटो निघतो. पट्टी पुरवण्याचा फोटो निघत नाही. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, आरोग्याच्या कोणत्याही योजनेत यंत्रे किती वाटली हे विचारूच नये. पट्ट्या किती दिल्या आणि किती महिने दिल्या, एवढेच विचारावे.

आता जाळीवरून छापायचीच आहे तर ती इथे का छापू नये? इचलकरंजीला कापड तयार होते, हुपरीच्या चांदीला देशभर नाव आहे. सूर्यघटाच्या काचेखाली ज्या बारीक रुपेरी रेषा दिसतात त्या चांदीच्या लेपाने, जाळीवरूनच छापलेल्या असतात, आणि तो लेप बहुतांशी परदेशातून येतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवर कित्येक वर्षे संशोधन चालू आहे. कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्याच राज्यातील बायोसेन्स या कंपनीने 'सुचेक' नावाचे यंत्र आणि पट्ट्या काढून दाखवल्या. हुपरीची चांदी आणि विद्यापीठातील ज्ञान यांच्यात अंतर जेमतेम एका एसटीच्या तिकिटाचे!

विज्ञान शाखेतील एका मित्राला हे ऐकवले तेव्हा त्याने माझी हवा काढली. तो म्हणाला, छपाई ही त्यातली सोपी गोष्ट. विकर दमट हवेत मरते. आपल्याकडचा पाऊस बघ. प्रत्येक घाणीतील पट्ट्या एकसारखे उत्तर देतात की नाही हे तपासावे लागते. लग्नपत्रिकेत रंग थोडा इकडेतिकडे गेला तर चालतो, इथे आकडा चुकला तर माणूस चुकीची गोळी घेईल. त्याचे म्हणणे खरे आहे. घरोघरी पट्ट्या छापाव्यात असे मी म्हणत नाही. पण दुधाचेही असेच होते. दूध नासते, भेसळ होते, प्रत्येक म्हशीची फॅट वेगळी. तरीही गावोगावच्या संस्था, तपासणी, शीतकरण असे सगळे उभे राहिले आणि माझी आई आज सकाळ-संध्याकाळ मोजून दूध घालते. नासणाऱ्या वस्तूचा धंदा कसा करावा हे तात्यासाहेब कोरे यांच्या वारणेला कोणी शिकवण्याची गरज नाही.

याच परिसरात 1998 साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. सत्तर गावे, संगणक, मोठ्या अपेक्षा. प्रत्यक्षात गावच्या केंद्रात शेतकरी जात तो प्रामुख्याने उसाचे वजन, पावती आणि बिल पाहायला. पुढे 2006 नंतर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. तेच काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांना ते अधिक आवडले. मला यात वारणेची नाचक्की वाटत नाही. कोणते यंत्र मोठे यापेक्षा कोणती माहिती हवी हे शेतकऱ्याने दोन्ही वेळा बरोबर ओळखले. छापील पट्टीसारखी स्वस्त वस्तू उद्या मातीतील ओल किंवा दुधातील दोष दाखवायला आली, तर तिचे काय करायचे हे तोच ठरवील. फक्त ती त्याच्या भाषेत आली पाहिजे.

आणि इथे कला शाखेचा संबंध येतो. पट्ट्यांच्या डबीत एक घडी घातलेली चिठ्ठी असते. अक्षर मुंगीएवढे आणि आमच्या डबीतील तर सगळी इंग्रजी. तीत एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली असते, ती अशी की ज्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण फार कमी त्याची साखर पट्टीवर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. आपल्या खेड्यांत अंगात रक्त कमी असलेल्या बायका किती, हे कोणत्याही आशाताईंना विचारावे. म्हणजे ज्यांनी ही ओळ वाचायला हवी त्यांनाच ती वाचता येत नाही. ही ओळ मराठीत आणण्याचे काम फिजिक्सवाल्याचे की मराठीवाल्याचे?

हे आपल्याला जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी वाईकडे पाहावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे संस्कृतचे पंडित. त्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला, आणि त्या विश्वकोशात भौतिकी, रसायन, अभियांत्रिकी हे विषय मराठीत आले. 'बहुवारिक', 'अर्धसंवाहक' असे शब्द अशाच प्रयत्नांतून रुळले. (मला स्वतःला 'बहुवारिक' जड वाटतो, 'प्लॅस्टिक' म्हटले तर आज्जीलाही कळते. पण तो वाद पुन्हा कधीतरी.) आपल्या महाविद्यालयात विज्ञानाचे वर्ग आणि कलेचे वर्ग यांच्यात काही भिंत चिणलेली नाही. विज्ञान मंडळाच्या व्याख्यानाचा फलक मात्र इंग्रजीत लागतो आणि वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमाला विज्ञानाचे विद्यार्थी येत नाहीत. दोन्ही मंडळांनी मिळून वर्षातून एक भित्तिपत्रक काढावे, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.

तोपर्यंत मी ती चिठ्ठी मराठीत उतरवायला घेतली आहे. निम्मी झाली. 'हेमॅटोक्रिट' या शब्दापाशी अडलो आहे. 'रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण' हे बरोबर आहे, परंतु आज्जीपुढे वाचले तर ती म्हणाली, "म्हंजी रगात दाट का पातळ, त्येच की!" तसेच लिहावे की काय, यावर मराठी आणि रसायनशास्त्र या दोन्ही विभागांतील सरांचे मत हवे आहे.