थोराड श्वानजाती आणि पैदासकाराचे दायित्व

घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात जनावर घेण्यास निघालेला नगर जिल्ह्यातील शेतकरी गाईच्या कासेला हात लावल्यावाचून, तिचे दात पाहिल्यावाचून, ती कितव्या वेताची आहे आणि मागल्या वेताला तिने दूध किती दिले याची चौकशी केल्यावाचून कनवटीचा पैसा बाहेर काढत नाही. आणि तोच शेतकरी वस्तीच्या राखणीसाठी जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर जातीचे पिल्लू घेतो तेव्हा, ते कोणत्या मातेच्या पोटी आणि कोणत्या घरी जन्मास आले याचा एक प्रश्नही न विचारता, दलालाने खोक्यातून आणून दाखविलेल्या महिन्याभराच्या गोंडस जिवावर भुलून सौदा पुरा करतो, ही गोष्ट मला अत्यंत खेदजनक वाटते. ज्या जिल्ह्याने संगमनेरी शेळी जोपासली, ज्याच्या अकोले तालुक्यातील डोंगरकुशीत डांगी गोवंश टिकून राहिला आणि ज्याच्या राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय सिद्ध झाली, त्या जिल्ह्याला वंशनिवडीचे महत्त्व कोणी बाहेरून येऊन शिकवावे अशी स्थिती मुळीच नाही. हे ज्ञान गोठ्यापुरते राखून श्वानाला त्यातून वगळण्यात आले आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

या वगळण्याच्या समर्थनार्थ जे पक्ष मांडले जातात त्यांतील पहिला असा की, कुत्र्याची वंशावळ पाहणे हा श्रीमंतांचा शौक होय. राखणीच्या कुत्र्याला भुंकता आले म्हणजे पुरे. लहान चणीच्या गावठी कुत्र्यापुरते हे म्हणणे मी मान्य करीन, कारण निसर्गाने त्याची निवड आधीच कठोरपणे करून ठेवली आहे. परंतु पूर्ण वाढ झाल्यावर ज्याचे वजन पस्तीस-चाळीस किलोंच्या घरात जाते, त्या थोराड श्वानाच्या मागल्या अंगाचा भार ज्या खुब्याच्या सांध्यांवर तोलला जातो, त्या सांध्यांची घडणच पुष्कळदा जन्मदात्यांकडून सदोष येते. ‘हिप डिस्प्लेशिया’ या नावाने पशुवैद्य ज्याला ओळखतात तो हा विकार जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा जातींत विशेष आढळतो. त्यामागे एक नव्हे तर अनेक जनुके असतात, आणि म्हणूनच वरकरणी धडधाकट चालणाऱ्या नर-मादीच्या पोटीही लंगडी संतती निपजते. क्ष-किरणचित्र काढल्यावाचून हा दोष निश्चित कळत नाही. अमेरिकेत १९६६ साली या कामासाठी स्थापन झालेली ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स’ ही संस्था श्वान चोवीस महिन्यांचा होईपर्यंत खुब्याचा अंतिम दाखला देत नाही. ग्रेट डेनच्या बाबतीत हृदयाचे स्नायू दुर्बल होण्याचे आणि जठराला पीळ पडण्याचे भय याखेरीज असतेच. माता-पित्यांच्या क्ष-किरणचित्राचा खर्च एकदाच होतो. सांधा निकामी झालेल्या श्वानाची शुश्रूषा आणि त्याच्या वेदना मात्र आयुष्यभर पुरतात. मग शौक कोणता आणि काटकसर कोणती, याचा निवाडा हिशेबी माणसाने स्वतःच करावा.

येथे एक गोष्ट दुधाच्या या जिल्ह्यासाठी मुद्दाम सांगतो. पिल्लाची हाडे मजबूत व्हावीत या सद्हेतूने त्याला दुधावर दूध आणि वर कॅल्शियमचे औषध पाजण्याची चाल घरोघरी आहे. थोराड जातीच्या कोवळ्या पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यातूनच नाकारण्याची शक्ती नसते. ते शरीरात शोषले जाऊन हाडांच्या वाढीत विकृती आणते, आणि अतिपोषणाने झपाट्याने वाढविलेले वजन कच्च्या सांध्यांवर पडते. जाणता पैदासकार पिल्लाबरोबर आहाराचे टाचण देतो ते याच कारणास्तव.

दुसरा पक्ष कागदपत्रांचा. चेन्नई येथील ‘केनेल क्लब ऑफ इंडिया’चा नोंदणी-दाखला दाखविला की सर्व शंका मिटल्या, असे मानणारे सुशिक्षित गृहस्थ थोडे नाहीत. हा दाखला वंशावळीचा आहे. खुबा, कोपर, हृदय आणि स्वभाव यांविषयी तो काहीच सांगत नाही. तो असावा, कारण त्याच्यावाचून आजा-पणजाचा माग लागत नाही. परंतु केवळ तेवढ्यावर विसंबणे म्हणजे सातबाऱ्याचा उतारा पाहून विहिरीला पाणी आहे असे समजण्यासारखे आहे.

पिल्लू जितके लहान तितका त्याला मालकाचा लळा अधिक, हा समज तर सर्वांत घातक आहे. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात श्वानाचा स्वभाव घडतो, आणि त्यातील पूर्वार्धात दात किती जोराने रोवावेत, कोठे थांबावे, हे त्याला आईच आणि भावंडेच शिकवितात. ज्याचा जबडा उद्या माणसाचा हात मोडू शकेल अशा जातीच्या पिल्लाला या शिक्षणापासून तोडणे हा अविचार आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनी आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे. मादी अठरा महिन्यांची झाल्यावाचून तिला फळवू नये, वर्षाकाठी एकाहून अधिक वेत घेऊ नये, जन्मात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ वर्षांनंतर तिला मोकळीक द्यावी आणि पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे रीतसर नोंदणी करावी, अशा तरतुदी त्यात आहेत. ही किमान मर्यादा होय. खुब्याचा दाखला दोन वर्षांनंतर मिळत असता अठराव्या महिन्यात मादी फळविणारा पैदासकार कायद्याने निर्दोष असला तरी मी त्याला जबाबदार म्हणणार नाही.

आता बिबट्याचा प्रश्न. प्रवरा आणि मुळा यांच्या पाण्यावर वाढलेल्या उसाने अकोले, संगमनेर, राहुरी या तालुक्यांत बिबट्याला आसरा दिला, आणि वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांना थोराड कुत्र्याची निकड भासू लागली. ही निकड खरी आहे. रात्री दाराशी येणाऱ्या श्वापदाचे भय ज्याने अनुभविले त्याला शहरी माणसाने उपदेश करू नये. परंतु वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील बिबट्यांच्या विष्ठेचे पृथक्करण करून जे निष्कर्ष मांडले, ते प्रत्येक वस्तीवाल्याने ध्यानात ठेवावे असे आहेत: बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. तेव्हा अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे, मग ते कितीही महाग आणि उग्र असो, बिबट्याला रोखण्याऐवजी त्याला आमंत्रण देते. साखळीत अडकलेल्या जिवाला ना लढता येते ना पळता येते. भुंकून इशारा देणे हे त्याचे काम, आणि रात्री त्याला भक्कम जाळीच्या, वरून बंद अशा खोपट्यात ठेवणे हे मालकाचे काम. जबाबदार पैदासकार गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत विचारतो की कुत्रे रात्री निजेल कोठे, आणि उत्तर असमाधानकारक असेल तर पिल्लू देत नाही. चैत्र-वैशाखात जेथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या या अवर्षणप्रवण मुलुखात सेंट बर्नार्ड किंवा हस्की मागणाऱ्यालाही तो तसाच नकार देतो.

प्राणिमित्रांचा आक्षेप मात्र मी आदराने ऐकतो. रस्त्यावर निराधार कुत्री असता विकत घेणे अनैतिक, असे ते म्हणतात. ज्याला केवळ सोबती हवा त्याने निराधार पिल्लूच घरी न्यावे, याविषयी माझे दुमत नाही. तथापि विशिष्ट कामासाठी विशिष्ट गुणांचा श्वान हवा असणारे लोक राहणारच; त्यांना चांगला पैदासकार मिळाला नाही तर ते दलालाकडे जातात, आणि वर्षभराने लंगडी अथवा चावरी झालेली थोराड कुत्री त्याच रस्त्यावर येऊन पडतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचे पत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात ते उच्च न्यायालयात टिकले नाही. अशा सरसकट फर्मानांनी चांगला आणि वाईट पैदासकार एकाच मापाने मोजला जातो. जातीवर खटला भरण्यापेक्षा पैदासीवर देखरेख ठेवावी, हा माझा पक्ष आहे.

असा पैदासकार ओळखावा कसा? तो एक किंवा दोनच जाती पाळतो. मादी तो आपल्या आवारात दाखवितो. ती परक्याला पाहून दडत नाही की अंगावर येत नाही. माता-पिता दोघांच्या तपासण्यांचे दस्तऐवज तो न मागता पुढे ठेवतो. पिल्लू तयार नसेल तर सहा महिने थांबावयास सांगतो, आणि काही कारणाने कुत्रे सांभाळता आले नाही तर ते केव्हाही परत घेईन अशी लेखी कबुली देतो. असा मनुष्य आपल्या तालुक्यात न मिळाला तर पुण्यापर्यंत किंवा त्याही पलीकडे जावे. चांगल्या बैलासाठी आपले वाडवडील याहून लांब पायी जात असत.

राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदलेल्या पैदासकारांची यादी प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावी, अशी माझी पशुसंवर्धन खात्यास विनंती आहे. आणि घेणाऱ्यास एवढीच की, पिल्लाची आई डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक रुपयाही इसार देऊ नये.