रायगडाची वाट महाडवरूनच जाते



मायदेशी जाऊन परतणाऱ्या आमच्या कुटुंबांच्या बॅगा उघडून पाहिल्या, तर त्यांत काय सापडते? घरी कुटलेला मसाला, पापड, शुभ्र साड्या, दीक्षाभूमीवर घेतलेली बुद्धमूर्ती, चैत्यभूमीवरची दिनदर्शिका. आणि अगदी तळाशी मुलांसाठी घेतलेली चार-दोन रंगीत पुस्तके. मसाल्याची मिरची आम्ही हाताने निवडून, देठे खुडून घेतो. मुलांचे पुस्तक मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी, घाईगर्दीत, मुखपृष्ठावरील घोडा आणि तलवार पाहून उचलतो. जिभेची जितकी काळजी, तितकी मुलांच्या मेंदूची नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या बालवर्गात मुलांना महाराष्ट्राचा नकाशा काढावयास सांगितला होता. एका दहा वर्षांच्या मुलीने रायगड, प्रतापगड, सिंहगड, पन्हाळा हे सारे गड जागच्या जागी दाखविले. आम्हांस कौतुक वाटले. मग आम्ही सहज विचारले, ‘बेटा, महाड कोठे आहे?’ तिने नकाशावरून बोट फिरविले आणि ती थांबली. ते नाव तिने ऐकले होते, पण ते एखादे गाव आहे, त्या गावाला रस्ते आहेत, तेथे एक तळे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. बाबासाहेबांची जन्मतारीख, त्यांच्या पदव्या, धर्मांतराचा दिवस हे सारे तिला मुखोद्गत होते. तिचे आजोळ त्याच महाड तालुक्यातील आहे. मुलगी गप्प राहिली आणि आम्ही मोठ्यांनी माना खाली घातल्या.

दोष तिचा नव्हता. रायगड किल्ला महाड तालुक्यातच उभा आहे. मुंबईहून गडावर जाणारा प्रवासी बहुधा महाडवरूनच जातो. परंतु मुलांसाठी लिहिलेल्या आणि आम्ही हौसेने विकत घेतलेल्या कितीतरी पुस्तकांत गड आहे आणि गडाच्या पायथ्याचे तळे नाही. सतराव्या शतकात वर चढलेला लेखक विसाव्या शतकात खाली उतरतच नाही. जो प्रादेशिक इतिहास चवदार तळ्याकडे पाठ फिरवून गडाकडे पाहतो, तो अर्धा इतिहास आहे. अर्धा इतिहास पूर्ण म्हणून शिकविणे ही मुलांची फसवणूक आहे.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. शिवरायांशी आमचे भांडण नाही. १८६९ साली त्यांचा पवाडा रचणारे महात्मा जोतीराव फुले आमचेच आहेत. गडावर मुलांनी अवश्य जावे. आमचे भांडण आहे ते राजे, सरदार आणि पुरोहित एवढ्यांचाच महाराष्ट्र रंगविणाऱ्या पुस्तकांशी. त्यांत राबणारी माणसे केवळ चित्राच्या कडेला, पाठमोरी उभी असतात. आपल्या मुलाने ते पुस्तक मिटताना मनात काय धरावे? या भूमीत घडविणारे दुसरे आणि आपण केवळ बघे, हेच ना?

महाडचीच गोष्ट घ्या. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याची ओंजळ पाण्याला लागली नाही. मार्च १९२७ मध्ये परिषद भरली तेव्हा हजारो माणसांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हल्ला झाला, डोकी फुटली, आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्यात पुढाकार होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याचा. न्यायालयातील लढा चालतच राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये. ठराव, चाळीस रुपये, ओंजळ, मारहाण, खटला आणि दहा वर्षांची चिकाटी: मुलाला खिळवून ठेवील असे याहून अधिक काय हवे? तरीही ही गोष्ट अनेक पुस्तकांत ‘त्यांनी पाण्यासाठी सत्याग्रह केला’ अशा एका वाक्यात आटोपते.

दुसरे उदाहरण नाशिकचे. शहराबाहेरील टेकडीत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. सातवाहन राणी गौतमी बलश्रीने तेथील एक लेणे भिक्षुसंघाला दान दिल्याचे शिलालेखच सांगतो. पण लोक त्यांना म्हणतात ‘पांडवलेणी’, आणि बालवाङ्मयात हेच नाव खाली एकही टीप न देता छापले जाते. नावाच्या एका फटक्याने आपल्या पूर्वजांचे विहार महाभारताच्या खात्यावर जमा होतात. त्याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि शेकडो स्त्रीपुरुष वर्षानुवर्षे त्या दारापुढे झगडले. एकाच शहरात एका टेकडीवर आपले दार, आणि खाली आपल्याला बंद असलेले दार! ही दोन्ही दारे दाखविणारे पुस्तक मुलाच्या हाती पडले, तर त्याला नाशिक कळेल आणि स्वतःचा महाराष्ट्रही कळेल.

त्या लेण्यांत केवळ राजेराण्याच नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कान्हेरीला कल्याणच्या लोहाराचे दान आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव दगडावर कोरले जावे, असाही एक महाराष्ट्र होता. हे मुलांना सांगावयाचे नाही, तर काय सांगावयाचे?

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. सुशिक्षित, सुस्थित घरांतून आम्ही तो वारंवार ऐकतो: ‘आपण इतक्या दूर आलो ते हे सारे मागे टाकण्यासाठीच. लहान मुलांच्या कोवळ्या मनावर जातीचे ओझे कशाला?’ या आक्षेपामागील वेदना आम्हांस कळते, कारण ती आमचीही आहे. पण युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. ज्या अमेरिकेत आपण राहतो, तेथील प्राथमिक शाळेत मुलांना रुबी ब्रिजेसची गोष्ट वाचून दाखवितात. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची ती कृष्णवर्णीय मुलगी न्यू ऑर्लिन्समध्ये केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत गेली आणि बाहेर गोऱ्या लोकांचा जमाव ओरडत होता. ही गोष्ट ऐकून कृष्णवर्णीय मुले खचत नाहीत. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत, हे त्यांना समजते. मग आपल्याच मुलांची मने इतकी नाजूक कशी?

शिवाय, आपण गप्प राहिलो म्हणून जग गप्प राहत नाही. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियातील सहाव्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकांवरून वाद पेटला. प्राचीन भारतावरील धड्यांतील जातिव्यवस्थेचे वर्णन सौम्य करावे, असा काही हिंदू संघटनांचा आग्रह होता. दलित संघटनांनी त्याला विरोध केला. २०१६ मध्ये तोच वाद पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. तेव्हा ‘कास्ट’ हा शब्द आपल्या मुलांच्या कानी पडणारच आहे. प्रश्न एवढाच, की तो प्रथम कोणाच्या तोंडून पडावा? आईच्या, की वर्गातील एखाद्या खवचट सोबत्याच्या?

बाबासाहेबांनी स्वतः ही वाट घालून दिली आहे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावे, म्हणून त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी लिहिल्या. पहिलीच आठवण बालपणीची आहे. वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली चार मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांची जात कळताच त्यांना कोणी गाडी देत नाही. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान कबूल होतो, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी. डब्यात अन्न आहे, पण वाटेत पाणी कोणी देत नाही. परभूमीवर वाढलेल्या मुलासाठी याहून योग्य पाठ कोणता? याच अनुभवांवर दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक साकारले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले एक चित्रमय पुस्तकही इंग्रजीत निघाले. म्हणजे पुस्तके नाहीत, ही सबब उरलेली नाही. मुले मराठी वाचीत नाहीत, हीसुद्धा सबब नव्हे. इंग्रजी पुस्तक मुलाने वाचावे आणि त्याच गावाची गोष्ट आईवडिलांनी रात्री दहा मिनिटे मराठीत सांगावी.

इथे आत्मपरीक्षणही हवे. प्रस्थापितांच्या पुस्तकांवर कोरडे ओढणारे आम्ही आमच्या पुस्तिकांकडे डोळेझाक करतो. त्यांत बहुधा पदव्यांची यादी, तारखांची जंत्री आणि विशेषणांची आरास असते. बाबासाहेब जन्मतःच महापुरुष. त्यांना कधी भूक लागली नाही, भीती वाटली नाही, त्यांना सहकारीही नव्हते! महाडच्या परिषदेसाठी झटणारे रामचंद्र बाबाजी मोरे कोठे आहेत? आपल्या मुलीपेक्षा फारशी मोठी नसलेली, जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे कोठे आहे? १८५५ मध्ये तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला होता. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी १९४३ च्या रानड्यांवरील व्याख्यानात सांगितला आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात पुन्हा बजावला. त्यांचीच आरती ओवाळणारे पुस्तक मुलाला देणे, हा त्यांचा सन्मान नव्हे. अवतारापुढे मूल हात जोडते. माणसाकडून ते शिकते.

म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते आधी आपण वाचावे आणि त्याला काही प्रश्न विचारावेत. यात गावाचे नाव आहे काय, आणि ते नकाशावर दाखविता येते काय? यात राबणारी माणसे आणि स्त्रिया स्वतःच्या नावाने वावरतात काय? अन्याय कोणी केला, हे पुस्तक स्पष्ट सांगते, की ‘त्या काळी तशी पद्धत होती’ म्हणून निसटते? दंतकथा कोणती आणि पुराव्याची गोष्ट कोणती, हे ते वेगळे दाखविते काय? आणि शेवटी, पुस्तक मिटल्यावर मूल प्रश्न विचारील, की केवळ जयजयकार करील? या कसोट्या दुसऱ्यांच्या पुस्तकांना लावाव्यात आणि तितक्याच कठोरपणे आपल्या पुस्तकांनाही लावाव्यात.

एका पुस्तकाने काय घडते, हे आपणांस नव्याने सांगावयाचे नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भीमरावाच्या सत्काराला अध्यक्ष म्हणून दादा केळूसकर आले आणि त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. १९५६ साली लिहिलेल्या आठवणीत बाबासाहेब सांगतात, की घरी वडील त्यांच्याकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर मात्र त्यांनी वडिलांनाच विचारले, आम्हांस ही पुस्तके का वाचावयास लावता, आणि बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? रामजी सुभेदारांनी उत्तर दिले. त्यात तथ्यही होते, पण मुलाचे समाधान झाले नाही. सुभेदारांनी त्या काळी जे हाताशी होते ते प्रेमाने दिले. आमच्या हाताशी त्याहून पुष्कळ आहे. उद्या आमच्या मुलांनी हाच प्रश्न विचारला, तर आम्ही कोणते उत्तर देणार?

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. आम्हांस त्याचा अभिमान आहे. पण पुतळ्यापुढे उभे राहिलेले मूल जो प्रश्न विचारते, त्याचे उत्तर पुतळा देत नाही. ते पुस्तकातून आणि आईवडिलांच्या तोंडूनच मिळावे लागते. आपल्या मंडळांना आमची आग्रहाची विनंती आहे, की जयंतीच्या खर्चातून फलक आणि मिष्टान्न थोडे कमी करावे आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक पारखून घेतलेले पुस्तक द्यावे. आणि ज्या गावाचा इतिहास कोणीच लिहिलेला नाही, त्या गावाचा पाणवठा, वाडा, शाळा आणि दीक्षेचा दिवस आजी-आजोबांकडून ऐकून मुलांनीच वहीत लिहून काढावा. आजीचा आवाज आहे तोवरच ही वही लिहिली जाईल.

त्या मुलीने नंतर आपल्या नकाशात महाड दाखविले आणि शेजारी निळ्या रंगाने एक लहानसे तळे काढले. रायगड तिने खोडला नाही. खोडण्याचे कारणही नव्हते. आता दोन्ही एकाच कागदावर आहेत. आमची मागणी याहून अधिक नाही. आणि याहून कमी आम्ही स्वीकारणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!